घरजावयाला व्हिसा नाही



आजचा विषय जरा लांबचा वाटेल. परदेशातल्या जोडीदाराला नुसतं भेटायला जायचं किंवा बोलवायचं, तरी व्हिसा इतका अवघड का असतो? पण हा विषय आता लांबचा राहिलेला नाही. आपल्या गटांतल्या बायकांच्या लेकी नर्सिंग शिकून बाहेर गेल्या. मुलं जहाजावर गेली, हॉटेलात गेली, कॉम्प्युटरच्या कामाला गेली. काहींची लग्नं तिकडच्या माणसांशी जमली, काहींनी तिकडे राहून इथला जोडीदार पसंत केला. मग बैठकीत हप्त्या-व्याजाचं बोलणं संपलं, की आमच्याकडे प्रश्न येतो : लग्न झालंय, फोटो आहेत, रोज फोनवर बोलणं आहे, तरी महिनाभर भेटायची परवानगी नाकारली. नवरा-बायकोच आहेत ना? मग असं कसं?

याचं उत्तर अर्जाच्या रकान्यांत शोधून सापडत नाही. ते थोडं मागं जाऊन बघावं लागतं. म्हणून आज आम्ही तुम्हाला शंभर वर्षांचा इतिहास सांगणार आहोत, आणि तो बायकांचा इतिहास आहे.

आधी भेटीचा व्हिसा म्हणजे काय, ते बघू. पाहुणा म्हणून ठरलेल्या मुदतीपुरतं येण्याची ती परवानगी. ब्रिटनमध्ये ही मुदत साधारणपणे सहा महिन्यांपर्यंत असते. तिथल्या अधिकाऱ्याचा मुख्य प्रश्न एकच : मुदत संपल्यावर हा माणूस परत जाईल का? आपण गटात कर्ज देताना विचारतो, परत फेडशील ना? तिथं विचारतात, परत जाशील ना? फरक इतकाच, की आपण त्या बाईला ओळखत असतो. अधिकारी कुणालाच ओळखत नाही. त्याच्यासमोर असतात फक्त कागद. नोकरीचं पत्र, बँकेचा उतारा, जमिनीचा सातबारा, घरी राहिलेली मुलंबाळं. याला परत ओढून आणणारं काही आहे का, हे तो त्यावरून ठरवतो. अमेरिकेच्या १९५२ च्या कायद्यात तर सरळच लिहिलं आहे, की भेटीला येणारा माणूस कायमचा राहायलाच येतोय असं धरून चालायचं, आणि तसं नाही हे त्यानं पटवून द्यायचं.

आता अडचण कुठं आहे ते बघा. मावशीला भेटायला जाणाऱ्या माणसाला परत ओढणारी बायको घरी असते. पण जो बायकोलाच भेटायला निघाला, त्याला मागं ओढणारं कोण? त्याचं ओढणारं माणूस तर पुढं आहे. म्हणजे ज्या नात्यासाठी जायचं, तेच नातं नकाराचं कारण होतं. नातं लपवलं तर खोटेपणा, आणि सांगितलं तर संशय.

हा संशय आला कुठून? सुरुवात दक्षिण आफ्रिकेपासून करू, कारण तिथली माणसं आपल्या ओळखीची आहेत.

तारीख १४ मार्च १९१३. हसन इसप नावाचे एक भारतीय तिथं आधीपासून राहत होते. त्यांची बायको बाई मरियम भारतातून त्यांच्याकडे नांदायला निघाली. तिला देशात येऊ दिलं नाही. प्रकरण केप प्रांताच्या न्यायालयात गेलं आणि न्यायमूर्ती सर्ल यांनी निकाल दिला. ज्या धर्मात एकापेक्षा जास्त बायका करायची मुभा आहे, त्या धर्माच्या रीतीनं लागलेलं लग्न इथला कायदा लग्न मानत नाही, असा त्याचा अर्थ. त्या काळी हिंदूंनाही ती मुभा होती. नवऱ्यानं एकच बायको केलेली असली तरी सुटका नव्हती. एका निकालानं तिथल्या भारतीय बायका कायद्याच्या नजरेत बायकाच राहिल्या नाहीत. मग त्या कोण? आणि त्यांची मुलं कुणाची?

तोवर तिथल्या सत्याग्रहात पुरुषच तुरुंगात जात होते. हा घाव मात्र सरळ बायकांच्या मंगळसूत्रावर होता. सप्टेंबर १९१३ मध्ये फिनिक्स आश्रमातून सोळा जणांची पहिली तुकडी निघाली. तिच्यात चार बायका होत्या आणि त्यातल्या एक कस्तुरबा. परवान्याशिवाय नाताळ प्रांतातून ट्रान्सवालमध्ये शिरणं हा भारतीयांसाठी गुन्हा होता. तो त्यांनी ठरवून केला. तीन महिने सक्तमजुरीची शिक्षा झाली. दुसरीकडे टॉलस्टॉय फार्मवरच्या बायका, बहुतेक तमिळ, काहींच्या कडेवर लेकरं, उलट्या दिशेनं नाताळमध्ये शिरल्या. न्यूकॅसलच्या कोळसा खाणींपर्यंत गेल्या आणि तिथल्या भारतीय मजुरांना संपाला उभं केलं. त्यांनाही तुरुंग झाला. या लढ्यातली वल्लीअम्मा नावाची सोळा वर्षांची मुलगी तुरुंगातून ताप घेऊनच बाहेर आली आणि २२ फेब्रुवारी १९१४ ला गेली.

आपले नामदार गोखले, म्हणजे गोपाळ कृष्ण गोखले, आदल्याच वर्षी, १९१२ मध्ये, दक्षिण आफ्रिकेचा दौरा करून आले होते. हा लढा पेटल्यावर त्यांनी इथून पैसा उभा केला, सरकारपुढे बाजू मांडली. शेवटी १९१४ मध्ये दक्षिण आफ्रिकेला नवा कायदा करावा लागला. भारतीय रीतीनं लागलेल्या लग्नातली एक बायको कायद्यानं बायको ठरली, आणि गिरमिटियांवरचा तीन पौंडांचा करही गेला.

तेव्हा दारावर विचारलेला प्रश्न होता : तू खरंच याची बायको आहेस का? हा प्रश्न पुढं शंभर वर्षं हटला नाही. त्याला दुसरा एक प्रश्न मात्र येऊन जोडला गेला, आणि तो समजायला आपल्याला मराठीतला एकच शब्द पुरेसा आहे. तो शब्द म्हणजे 'नांदायला जाणं'.

आपण म्हणतो, मुलगी नांदायला गेली. मुलगा नांदायला गेला, असं कुणी म्हणत नाही. तो गेलाच तर त्याला घरजावई म्हणतात आणि गाव हसतं. आपल्याला वाटतं, ही आपलीच जुनाट रीत. तसं नाही. विलायतेच्या कायद्यातही हीच रीत बसलेली होती. ब्रिटिश बाईनं परदेशी माणसाशी लग्न केलं, की ती ब्रिटिश राहत नसे. १८७० पासून कायदा असा, की नवऱ्याचा देश तोच बायकोचा देश. तो पूर्ण सुटला १९४८ च्या कायद्यानं. अमेरिकेनंही १९०७ मध्ये तसाच कायदा केला होता. तिथं बायकांना मतदानाचा हक्क मिळाल्यावर १९२२ पासून तो सैल होऊ लागला. म्हणजे पुरुषाला देश असायचा, आणि बाईला नवऱ्याचा देश.

पासपोर्ट-व्हिसाची सक्तीही आपण समजतो तितकी जुनी नाही. पहिल्या महायुद्धाआधी जगात बऱ्याच ठिकाणी माणसं पासपोर्टावाचून जात-येत होती. १९१४ मध्ये युद्ध सुरू झालं, हेरांची भीती आली, पासपोर्ट आले, आणि युद्ध संपलं तरी ते राहिले. आपल्याकडे परदेशातून येणाऱ्याला पासपोर्टची सक्ती करणारा कायदा १९२० मध्ये झाला.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनला मजूर हवे होते. भारत, पाकिस्तान, वेस्ट इंडीज इथली माणसं गिरण्यांत, कारखान्यांत, बसगाड्यांवर, दवाखान्यांत कामाला गेली. राष्ट्रकुलातल्या नागरिकांना तेव्हा ब्रिटनमध्ये येण्याचा हक्क होता. १९६२ च्या कायद्यानं त्यावर पहिला लगाम आला. कामासाठी यायचं तर आता परवाना हवा. पण तिथं असलेल्या पुरुषाची बायको आणि लहान मुलं येऊ शकत होती. नांदायला जाणं चालू होतं.

मग १९६९ उजाडलं. गृहमंत्री होते जेम्स कॅलहन. त्यांनी नियम बदलला. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या बाईनं राष्ट्रकुलातल्या माणसाशी लग्न केलं, तर त्या नवऱ्याला तिच्याकडे राहायला येण्याचा जो हक्क होता, तो काढून घेतला. पुरुषानं बायको आणली तर ती सून. बाईनं नवरा आणला तर तो कामगार म्हणून घुसतोय. समजूत अशी, की घर पुरुषाचं असतं, बाईनं त्याच्यामागं जावं. आमच्या भाषेत सांगायचं, तर सरकारनं घरजावयावर बंदी घातली.

याचा फटका फक्त भारतीय-पाकिस्तानी मुलींना बसला नाही. गोऱ्या इंग्रज मुलींनाही बसला. आपल्याच देशात जन्मलेल्या बाईला आपल्याच घरात नवरा आणता येत नाही, हे त्यांनी पहिल्यांदा अनुभवलं. ओरड झाली, संसदेत प्रश्न आले, आणि १९७४ मध्ये रॉय जेन्किन्स गृहमंत्री असताना ही बंदी उठली.

बायकांची वाट तरी सोपी होती का? कागदावर होती. १९६९ च्याच एका कायद्यानं बायको-मुलांनी निघण्याआधी आपल्या देशातूनच प्रवेशाचा दाखला घ्यायचा, असं ठरलं. ढाका, इस्लामाबाद अशा ठिकाणच्या ब्रिटिश कचेऱ्यांत मुलाखतीसाठी रांगा लागल्या. नंबर यायला महिने, कधी वर्षं लागत. नवऱ्याला वेगळं विचारायचं, बायकोला वेगळं विचारायचं. घराबद्दल, नातेवाइकांबद्दल बारीकसारीक प्रश्न. उत्तरं जुळली नाहीत, की लग्न खोटं. आपल्या घरात नवऱ्याला आणि बायकोला वेगवेगळं बसवून विचारलं, की धाकट्या दिराचं लग्न कोणत्या साली झालं, तर किती घरांत उत्तर जुळेल?

या संशयाचं सगळ्यात ओंगळ रूप १९७९ मध्ये बाहेर आलं. २४ जानेवारीला एक पस्तीस वर्षांची भारतीय शिक्षिका लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उतरली. तिथं राहणाऱ्या भारतीय वंशाच्या माणसाशी तिचं लग्न ठरलेलं होतं. नियम असा, की वाग्दत्त वधूला आधी दाखला काढायची गरज नव्हती, लग्न झालेल्या बायकोला होती. अधिकाऱ्यांना संशय आला, की हिचं लग्न आधीच झालंय आणि रांग चुकवायला ही नवरी म्हणून आली आहे. म्हणून डॉक्टरकडून तिची कौमार्य तपासणी केली. लग्न झालंय की नाही हे ठरवायला बाईचं शरीर तपासलं! कुठल्याही शास्त्राला न पटणारी गोष्ट. 'गार्डियन' वर्तमानपत्रानं १ फेब्रुवारीला ही बातमी छापली. भारत सरकारनं निषेध केला आणि ब्रिटनला ही पद्धत बंद करावी लागली. 'आवाज' नावाच्या आशियाई बायकांच्या गटानं आणि काळ्या स्त्रियांच्या संघटनांनी मिळून विमानतळावर निदर्शनं केली. पुढं २०११ मध्ये ब्रिटिश सरकारची जुनी दफ्तरं तपासणाऱ्या अभ्यासकांनी दाखवून दिलं, की ही एकच बाई नव्हती. भारतीय उपखंडातल्या किमान ८० बायकांना यातून जावं लागलं होतं, आणि भारतातल्या ब्रिटिश कचेऱ्यांतही हे घडलं होतं.

आपण नुसतं त्यांच्याकडे बोट दाखवू नये. अशी तपासणी आपल्याकडच्या जातपंचायतींनीही चालवली होती, आणि तिच्याविरुद्ध २०१८ मध्ये कंजारभाट समाजातलीच तरुण मुलंमुली उभी राहिली. दारावर अधिकारी असो की पंच, बाईच्या शब्दावर विश्वास नाही, हे दोन्हीकडे सारखंच.

मार्च १९८० मध्ये घरजावयाची बंदी वेगळ्या रूपात परत आली. आता नियम असा, की बाईला नवरा आणायचा असेल, तर ती ब्रिटिश नागरिक हवी, आणि ती स्वतः किंवा तिच्या आईवडिलांपैकी एक जण ब्रिटनमध्ये जन्मलेला हवा. पुरुषाला बायको आणायला यातली एकही अट नव्हती. वर आणखी एक कलम आलं. ब्रिटनमध्ये राहायला मिळावं हा या लग्नाचा मुख्य हेतू नाही, हे पुढं नवऱ्यालाच सिद्ध करावं लागू लागलं. मैत्रिणींनो, एखादी गोष्ट केली हे दाखवता येतं. मनात अमुक हेतू नव्हता, हे कसं दाखवणार?

आणि इथं आपलीच रीत आपल्यावर उलटली. अधिकारी म्हणायचे, तुमच्याकडे तर मुलगी सासरी जाते. मग इथं मुलगा मुलीकडे का येतोय? रीत मोडली, म्हणजे ब्रिटनला यायचाच हेतू असणार. ज्या रीतीला एरवी मागासलेली म्हणायचं, तीच रीत नकाराचा पुरावा झाली. रीत पाळली तर मुलीनं ब्रिटन सोडायचं, मोडली तर नवऱ्यानं यायचं नाही.

या नियमाविरुद्ध तीन बायका उभ्या राहिल्या. त्यांची नावं लक्षात ठेवण्यासारखी आहेत. नर्गिस अब्दुलअझीझ, मलावीत जन्मलेली, भारतीय वंशाची. आर्सेली काबालेस, फिलिपिन्सची, १९६७ पासून ब्रिटनच्या दवाखान्यांत रुग्णसेवा करणारी. आणि सोहैर बालकंदाली, जन्मानं इजिप्तची. तिघी ब्रिटनमध्ये कायदेशीर राहत होत्या आणि तिघींच्या नवऱ्यांना तिथं राहायची परवानगी नव्हती. नर्गिसचा नवरा आधी पाहुणा म्हणूनच आला होता. भेटीच्या व्हिसावर आलेला जोडीदार पुढं काय होतो, हा सरकारचा संशय आणि सोबत राहायचा त्या दोघांचा हक्क, या दोन्ही गोष्टी या खटल्यात समोरासमोर आल्या. स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात सरकारनं सांगितलं, की पुरुष जास्त प्रमाणात नोकऱ्या शोधतात, इथं बेकारी आहे, म्हणून नवऱ्यांना अडवतो. सरकारसमोर बसलेल्या बायकांत एक जण वर्षानुवर्षं दवाखान्यात राबलेली होती, हे विसरू नका.

२८ मे १९८५ ला निकाल लागला. पुरुषाला बायको आणायला एक नियम आणि बाईला नवरा आणायला दुसरा, हा भेदभाव आहे, असं न्यायालयानं म्हटलं. तिघी जिंकल्या. पण त्याच निकालात हेही होतं, की जोडप्यानं निवडलेल्या देशातच त्यांना राहू द्यावं असं बंधन सरकारवर नाही.

मग सरकारनं काय केलं असेल? नवऱ्यांची वाट सोपी केली? नाही. बायकांची वाटही तितकीच अवघड केली. १९८५ मध्येच नियम बदलून हेतूची परीक्षा सुनांनाही लागू केली. झाली समानता! बहिणीला अर्धी भाकरी मिळते म्हणून तक्रार केली, तर भावाच्या ताटातली अर्धी काढून घ्यावी, तसला हा न्याय. समान वागणूक मागताना, समान म्हणजे कुणाच्या बरोबरीनं, हे आधीच बोलून घ्यावं लागतं.

वाटा मात्र माणसं शोधतातच. सुरिंदर सिंग नावाचे एक भारतीय आणि त्यांची ब्रिटिश बायको, लग्न १९८२ चं. दोघांनी १९८३ ते १९८५ जर्मनीत जाऊन काम केलं आणि मग ब्रिटनला परतले. पुढं त्यांच्या प्रकरणात युरोपीय न्यायालयानं १९९२ मध्ये निकाल दिला, की ती युरोपातल्या दुसऱ्या देशात काम करून परतली आहे, तर नवऱ्याला सोबत आणायचा तिला हक्क आहे. म्हणजे बाईला आपल्याच देशात नवरा आणायला आपल्याच देशाचा कायदा उपयोगी पडला नाही, परदेशी जाऊन येण्याचा नियम उपयोगी पडला. हेतू सिद्ध करायचं ते कलम शेवटी जून १९९७ मध्ये सरकार बदलल्यावर रद्द झालं.

आता आजच्या काळात येऊ. ९ जुलै २०१२ पासून ब्रिटननं नवी अट घातली. परदेशी जोडीदार आणायचा तर वर्षाची मिळकत किमान १८,६०० पौंड हवी. एप्रिल २०२४ मध्ये हा आकडा २९,००० पौंड झाला. नियम बाई-पुरुष दोघांना सारखाच. पण सारख्या पट्टीनं मोजलं तरी माप सारखं येत नाही. अर्धवेळ काम कोण करतं? लेकरं आणि म्हातारी माणसं सांभाळायला नोकरी कोण सोडतं? दवाखान्यातल्या, वृद्धाश्रमातल्या कमी पगाराच्या कामावर कोण असतं? आपल्या गटातल्या बायकांना हे समजावून सांगायची गरज नाही. घरातल्या कामाचा पगार कुठल्याच देशाच्या अर्जात धरत नाहीत.

मग ज्या जोडप्याची मिळकत कमी पडते, त्याच्या हातात उरतं काय? भेटीचा व्हिसा. वर्षातून एकदा यावं, महिना-दोन महिने सोबत राहावं, लेकराला बापाची ओळख व्हावी. पण कायमचा व्हिसा मिळत नाही, हेच आता अधिकाऱ्याच्या संशयाचं कारण होतं. यांना एकत्र राहायचंय आणि तसा व्हिसा मिळत नाहीये, म्हणजे हा आला की जाणार नाही. पुढचं दार बंद म्हणून मागच्या दारानं शिरतोय, असं धरलं जातं. सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. महिनाभराची भेट नाकारली जाते, कारण कायमच्या सोबतीची वाट आधीच अरुंद केलेली असते.

नकार आला तर दाद कुठं मागायची? भेटीला येणाऱ्यांचा अपिलाचा हक्क १९९३ मध्ये काढून घेतला. २००० मध्ये कुटुंबाला भेटायला येणाऱ्यांना तो परत दिला आणि २०१३ मध्ये पुन्हा काढला. आता बहुतेकांना नव्यानं अर्ज आणि नव्यानं फी, एवढाच मार्ग उरतो.

आम्ही अधिकाऱ्यांना राक्षस म्हणत नाही. कोण येतंय हे विचारायचा प्रत्येक देशाला हक्क आहे. खोटी लग्नंही होतात, आणि त्यात फसते ती बहुतेक वेळा मुलगीच. आपल्या देशाचं दारही काही सताड उघडं नाही. भारतीय माणसाच्या परदेशी जोडीदाराला ओसीआय कार्ड हवं असेल, तर लग्न नोंदवलेलं आणि सलग दोन वर्षं टिकलेलं लागतं. परदेशात जन्मलेल्या लेकराला आईकडून भारतीय नागरिकत्व मिळू लागलं ते १९९२ च्या दुरुस्तीनंतर. त्याआधी फक्त बापाकडून. फाळणीनंतर मुंबई आणि कराची यांच्यात वाटल्या गेलेल्या घरांना तर १९४८ मध्ये परमिट आणि १९५२ मध्ये पासपोर्ट आला, आणि सासर-माहेर दोन देशांत गेलं. त्या घरातल्या लेकीला बापाच्या आजारपणाला जायचं तरी व्हिसा लागतो.

या सगळ्यातून आपण काय घ्यायचं? आम्हाला दोन गोष्टी दिसतात. एक, दारावरचे नियम आपोआप बदलले नाहीत. १९१३ मध्ये, १९७९ मध्ये, १९८५ मध्ये, प्रत्येक वेळी बायका पुढं आल्या तेव्हा बदलले. दोन, दारावर नातं ओळखतात ते कागदावरून. हा न्याय बरा की वाईट हा वेगळा प्रश्न, पण कागद आपल्या हातात असायला हवा.

म्हणून सांगतो. लग्नाची नोंदणी करा. महाराष्ट्रात त्यासाठी १९९८ चा कायदा आहे, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सगळ्या धर्मांच्या लग्नांची नोंदणी सक्तीची करा असं राज्यांना सांगितलं. गावात हे काम ग्रामपंचायतीतच होतं. लग्नपत्रिका आणि हळदीचे फोटो म्हणजे नोंदणी नव्हे. दुसरं, नाव. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायची हौस असते. मग शाळेच्या दाखल्यावर सुनीता, आधारवर सौ. वैष्णवी, पासपोर्टवर माहेरचं आडनाव. घरात हे सगळ्यांना कळतं, खिडकीपलीकडच्या माणसाला या तीन वेगळ्या बायका वाटतात. सगळीकडे एकच नाव ठेवा. तिसरं, नकाराचं पत्र फाडून टाकू नका. कारण त्यातच लिहिलेलं असतं, आणि पुढचा अर्ज त्या कारणाला उत्तर देणारा हवा. आणि चौथं, एजंट म्हणाला, जोडीदार तिकडे आहे हे लिहूच नका, तर त्याच्या दारातून उठून या. खोटी माहिती किंवा खोटा कागद सापडला, तर ब्रिटनचं दार दहा वर्षं बंद होऊ शकतं. एजंट त्याची फी घेऊन मोकळा होतो, ताटातूट आपल्या लेकीची होते.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं आपला विवाह नोंदणीचा दाखला घेऊन या. नसेल तर तसं सांगा, लाजू नका. ज्यांचा नाही त्यांची यादी करू आणि सगळ्या मिळून एकाच दिवशी ग्रामपंचायतीत जाऊ. आपल्यातल्या किती जणी परदेशी जातील, ते माहीत नाही. पण उद्या विधवा पेन्शनला, वारस नोंदीला, बँकेच्या खात्यालाही हाच प्रश्न येणार आहे, की तू याची बायको कशावरून? तेव्हा उत्तर आपल्या पिशवीत असू दे.